एनॉस ट्रेविनचा उजवा हात

माझ्या आठवणीत पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त चार खांब दिसतात. मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मागे मेलबर्नचं सप्टेंबरातलं पांढुरकं आभाळ, खाली घोटाभर चिखल. उंच खांबांच्या मधोमध एक लांबट माणूस उभा आहे, एनॉस ट्रेविन. अकरा मोसम तो तिथंच उभा होता. बर्क स्ट्रीटच्या थिएटरांत कपडे शिवताना मी पुष्कळ नट पाहिले, पण आपली जागा इतकी अचूक ओळखणारा दुसरा पाहिला नाही.

एनॉस माझा शेजारी. बॅलरॅटच्या खाणकामगाराचा मुलगा. आठवडाभर नदीकाठच्या चामड्याच्या कारखान्यात कातडी चिरायचा आणि शनिवारी दुपारी आमच्या फुटबॉल क्लबचा गोल राखायचा. लोक त्याला ‘फाटक’ म्हणायचे. समोरचे खेळाडू कोपरं मारायचे, चिडवायचे.

“म्हातारबा, घरी जा, सूप गार होतंय.”

“जातो की. आधी तुला रिकाम्या हातानं परत पाठवतो,” एनॉस म्हणायचा. नजर मात्र चेंडूवरच.

एकोणीसशे दोन साली आमचा क्लब पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला. एनॉस चौतीस वर्षांचा होता. पुन्हा अशी संधी येणार नव्हती. आणि त्याच आठवड्यात, बुधवारी, यंत्रानं त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून नेलं.

शुक्रवारी दुपारी तो माझ्या दारात आला. हात खिशात.

“फ्लोरी, तुम्ही नाटकवाले खोटी नाकं करता. बोट करता येईल?”

त्यानं हात बाहेर काढला. मी दाराची चौकट धरली.

“निवड समितीनं पाहिलं नाही?”

“काल सगळा वेळ हात खिशात होता. त्यांना सांगशील तर घरी बसवतील मला.”

मी नको म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी सुईत दोरा ओवला. चिखलाच्या दिवशी काही खेळाडू हातमोजे घालतच. मी मोज्याच्या रिकाम्या बोटात कापूस ठासला आणि टोक शिवून घट्ट केलं. त्यानं मूठ मिटून पाहिली आणि लहान मुलासारखा हसला.

सामन्याचं शेवटचं मिनिट. आम्ही तीन गुणांनी पुढे. समोरच्या खेळाडूनं तीस पावलांवरून चेंडूला लाथ मारली. आमच्याकडच्या फुटबॉलात चेंडू कुणाला न लागता उंच खांबांमधून गेला तर सहा गुण. कुणाच्या बोटाचं टोक जरी लागलं तर एकच. एनॉस उडाला, उजवा हात वर, आणि चेंडू मोज्याच्या टोकाजवळून जाऊन खांबांमागे पडला.

पांढऱ्या कोटातला गोलचा पंच चिखलात सरकला होता, त्याला नीट दिसलं नव्हतं. त्यानं सहा गुणांचे दोन झेंडे अर्धे उचलले आणि थांबला; एका गुणाला एकच झेंडा. मैदानावर कुणी एनॉसच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती.

“ट्रेविन, लागला का?”

आमचा कप्तान डिनी कॉस्टिगन चार पावलांवरच होता, तो पुढे धावला. “हो म्हण आणि संपव.”

एनॉस हाताकडे बघत राहिला. “मला माहीत नाही, साहेब.”

“माहीत नाही म्हणजे? हात तुझाच ना?”

तेव्हा त्यानं मोजा काढला. कापूस लाल होऊन गोळा झाला होता. डिनी दोन पावलं मागे सरकला. कुंपणाजवळ एक बाई मटकन खाली बसली. मी हॅट तोंडावर धरली.

“तिथं बोटच नाही,” एनॉस म्हणाला. “लागला तरी मला कळणार कसं?”

“लागलेला मला दिसला नाही,” पंच पुटपुटला आणि त्यानं दोन्ही झेंडे हलवले. आम्ही हरलो. कुणी शिवीसुद्धा दिली नाही.

चिखल जखमेत गेला होता. पुढच्या शुक्रवारी त्याचा जबडा आखडू लागला. डॉक्टर धनुर्वात म्हणाले. मी खाटेजवळ बसले. मी म्हटलं, “मोजा मी शिवला, एनॉस.” त्यानं डाव्या हातानं माझं मनगट थोपटलं.

संध्याकाळी डिनी आला. सामन्यापासून तो एनॉसशी बोलला नव्हता. तो टोपी कुस्करत खाटेच्या पायाशी उभा राहिला.

“मी रागावलेलो नाही,” तो म्हणाला. “एवढंच विचारतो, हो का नाही म्हणालास?”

एनॉसनं मान वळवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मिटलेल्या दातांमधून एकेक शब्द सुटा होऊन आला. त्यानंतर दोन दिवस तो जगला, पण तोंड उघडलं नाही. त्याचे शेवटचे शब्द एवढेच:

“तू जवळ होतास, डिनी. लागला होता का?”