तिसऱ्यांदा वाढलेला भात

त्या दिवशी मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता, हे आधीच सांगून टाकते.

दुबईत एका सफाई कंपनीत मी एचआर बघते. म्हणजे व्हिसा, सुट्ट्या आणि कधीकधी मरणाच्या बातम्या. आमच्या एका नेपाळी कामगाराची आई गेली होती. भावाने गावाहून ऑफिसला फोन केला, त्याला फोनवर सांगू नका, कोणीतरी जवळ बसून सांगा. त्यांच्यात आईला अग्नी धाकट्याने द्यायचा, आणि हा धाकटा. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट माझ्या पर्समध्ये होतं, पण सांगायची हिंमत होत नव्हती. म्हणून मी एका नेपाळी गृहस्थांना बरोबर घेतलं; राग आला तो यांचाच. अडल्यानडल्या नेपाळी कामगारांसाठी ते आखातभर फिरतात. पूर्वी तिकडच्या टीव्हीवर विनोदी कामं करायचे, एवढंच ऐकून होते. किती लाडके होते, ते विचारायचं मला सुचलं नाही.

इंटरनॅशनल सिटीतल्या कंपनीच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि त्यांना बघताच खोलीतले सहाही जण खो-खो हसायला लागले. आमचा माणूस नुकताच ड्युटीवरून येऊन डाळभात घेऊन बसला होता. सगळ्यात जोरात तोच हसला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. वाटलं, आता हे सगळ्यांना गप्प करतील. कसलं काय! त्यांनी पाठीला पोक काढला, टोपी तिरकी केली आणि खाष्ट सासऱ्याच्या आवाजात त्याच्या ताटावरून त्यालाच फैलावर घेतलं. मला त्यातलं फक्त 'यल्ला, यल्ला' कळलं, म्हणजे अरबीत 'चल, आटप'. ओरडत ओरडत भात वाढला. पुन्हा वाढला. तिसऱ्यांदाही वाढला. तो डोळे पुसत हसत होता आणि जेवत होता. मी डोळे वटारून बघत होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

ताट रिकामं झालं. त्यांनी त्याला हात धुऊन यायला सांगितलं, टोपी काढली, त्याचा ओला हात हातात घेतला आणि हळू आवाजात दोन वाक्यं बोलले. तो त्यांच्या खांद्यावर कोसळला.

त्याला विमानतळावर सोडून परतताना मी गाडीत तडकलेच. "हँसाने की क्या ज़रूरत थी?"

"मॅडम, सुबह से भूखा था. सुनने के बाद तेरह दिन नमक बंद. आज तो एक दाना भी नहीं खाता."

"लेकिन सूतक में खाने का दोष?"

"अनजाने में खाया, उसको नहीं लगेगा. खिलाया मैंने, मुझे लगेगा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

इतकी वर्षं मी अशा बातम्या कळवत आले, पण ऐकणारा जेवलाय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. आणि हा माणूस दुसऱ्याचं पाप चहाच्या कपासारखं सहज उचलून स्वतःकडे घेत होता. थक्क झाले मी.

अल मनखूलला त्यांना माझ्या घरी नेलं, पोहे केले. बशी पुढे केली तर ते संकोचले.

"बिना नमक का थोड़ा मिलेगा?"

मी पुन्हा कढई चढवली. बिनमिठाचे पोहे केले आणि त्यांच्यासमोर बसून मीही तेच खाल्ले.