पाहुण्याचं ताट आणि कंटिन्युइटी

कार्ल्यात आमच्या शेजारच्या मावशींच्या पडवीत सिनेमाचं शूटिंग होतं आणि मला त्यात चक्क एक वाक्य मिळालं होतं. "पाव्हणं, सावकाश जेवा." आठवडाभर मी ते आरशासमोर म्हटलं, बायकोसमोर म्हटलं, गोठ्यात म्हशीसमोरही म्हटलं. म्हशीनं मान तरी हलवली.

प्रसंग सोपा. शहरातला नायक पिठलं-भाकरी खातो, मी वाक्य टाकतो. दिग्दर्शक "कट" म्हणाले, मी झोकात नमस्कार केला. लगेच तेच पुन्हा! दरवेळच्या चित्रीकरणाला टेक म्हणतात, हे तेव्हा कळलं. मग कॅमेरा नायकाच्या तोंडाशी नेला. हा क्लोज-अप.

"तुम्ही आता फ्रेमबाहेर, म्हणजे दिसणार नाही. पण वाक्य बोला," दिग्दर्शक मला म्हणाले.

म्हणजे मी होतो की नव्हतो?

तोच फोनमधले फोटो ताडून बघणारी एक बाई किंचाळली, "कंटिन्युइटी गेली!" दोन शॉट जोडले की एकच जेवण दिसायला हवं, असं तिनं समजावलं. मघाशी भाकरी अर्धी होती, तर आताही अर्धीच हवी. ताटात मात्र अख्खी! तिनं अर्धी केली. पुढच्या टेकला पुन्हा अख्खी. सगळे संशयानं बघू लागले, माझ्याकडे जरा जास्तच.

इतक्यात मावशी पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या आणि सरळ वाढू लागल्या.

"मावशी, हे काय?" दिग्दर्शक ओरडले.

"कट म्हणलं की तुमी समदी तिकडं पळता. ह्यो बिचारा मोकळ्या ताटापुढं बसतोय. माज्या दारात?"

"अहो, ते खोटं जेवण आहे!"

"पिठलं तर खरं हाय न्हवं?"

नायकानं कळवळून दोन्ही हातांनी ताट झाकलं. मावशींनी बोटांच्या फटीतून भाकरी सरकवली. "लाजू नगा, सावकाश जेवा."

"हेच घ्या!" दिग्दर्शक आनंदानं उडाले.

"आणि मी?" मी विचारलं.

"वाक्य त्यांनी म्हटलंच की. तुम्ही इथं उभे राहा."

पुढं लोणावळ्याला सिनेमा पाहिला. पडदाभर मावशी. कडेला एक कोपर.

"तुमी कुटं हाय?" बायकोनं विचारलं.

मी कोपर दाखवलं. तिला ते नायकाच्या ड्रायव्हरचं वाटतंय. खरं सांगू? आता मलाही खात्री नाही.