मोटेवरचे आप्पामामा

महिन्यापूर्वी मामीचा फोन आला. "बाळा, तुझं मामा गेलं रे..." एवढंच बोलली. बावन्नाव्या वर्षी मला बाळ म्हणणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक कमी झालं.

पुण्याजवळच्या मांजरी गावातली शेती इमारतींखाली गेली तेव्हापासून आप्पामामांना घरात करमेना. शहराबाहेर कुणीतरी जुन्या काळचं अख्खं खेडं उघड्यावर उभारलंय. तिथे खरीखुरी माणसं मडकी घडवतात, लोखंड ठोकतात, आणि आपण तिकीट काढून बघतो. मामा तिथे मोटेवर लागले. धोतर, मुंडासं, पुढे दोन बैल. बैल उतारावरून खाली गेले की विहिरीतून चामड्याची मोट भरून वर यायची. गंमत अशी, की मामांनी जन्मभर विजेच्या पंपाचं बटण दाबलेलं. मोट ते नोकरी लागल्यावर शिकले! पोरं विचारायची, "आजोबा, लहानपणापासून करता?" मामा गंभीरपणे सांगायचे, "पणज्यापासनं चालत आलंय," आणि हळूच मला डोळा मारायचे.

सोसायटीत मात्र मी सांगायचो, मामा एका संग्रहालयात सल्लागार आहेत. खोटं बोलतानाही मला हुद्दा बरा लागतो.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसची सहल नेमकी तिथेच गेली. मामांनी लांबूनच हात वर केला. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

"ओळखीचे का हो?" साहेबांनी विचारलं.

"छे! ते सगळ्यांनाच करतात हात."

मामांना हे ऐकू गेलं असावं... जवळ गेल्यावर त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. "घ्या पाव्हणं. कुठनं आला म्हणायचं?"

"पुण्याहून," मी म्हणालो.

"लय लांबनं आलाय," मामा म्हणाले, आणि बैलांकडे वळले.

जाऊन माफी मागायची होती. या रविवारी नाही तर पुढच्या, असं करत राहिलो. पुढे मामीचा फोनच आला.

परवा एकटाच गेलो. मोटेवर दुसराच माणूस होता. बैल उतारावरून खाली आले, मोट रिकामी झाली, तरी ते मागे सरेनात. त्याने दोनदा हाकारलं, मग माझ्याकडे बघून वैतागून म्हणाला, "आप्पांनी लावलेली खोड हाय ही. प्रत्येक फेरीला इथं थांबून फाटकाकडं बघायचे. भाचा यायचाय म्हणायचे."

मी बैलांच्या शेजारीच उभा होतो. ते फाटकाकडेच बघत राहिले.