विलायतच्या गंगेचा गडू

आमच्या मायला मोठी नदी म्हंजे गंगाच. गोदावरी गंगा, काशीची ती गंगा, आन् मी फौजेत खेचरं हाकायला समुद्रापल्याड निघालो तवा तिकडंबी एखादी गंगा असंलच, असं तिचं म्हणणं. निघताना तिनं तांब्याचा लहानसा गडू हातात दिला. म्हणली, "काशी काय आपल्या नशिबात न्हाई. तिकडची गंगा भरून आण लेकरा. मरताना घोटभर तोंडात पडली म्हंजे झालं."

नेकनूरकडचे आमी दोघं. दुसरा माझा जोडीदार, लहानपणापासून एका ताटात जेवलेला. निजामाचा मुलूख सोडून नगरला भरती झालो तेबी संगंच. फ्रान्सात आमच्या छावणीपासून दोन-तीन तासांवर एक जुनं शहर होतं. नाव काही माझ्या जिभेवर बसलं न्हाई, पण मधून ही रुंद नदी, म्हणत. शनवार-ऐतवार ते बघून यायची आमाला रजा मिळाली. मी गडू चिंचेवाचून राखेनंच लख्ख घासला, आन् ऐन वेळंला तापानं फणफणलो. रडूच आलं. जोडीदार म्हणला, "कावून रडतो बे? मी आणतो की पाणी. तुझी माय ती माझी माय न्हाई का?"

सोमवारी तो भरला गडू घेऊन हजर. वर सगळं शहर सांगितलं: आभाळाला टेकलेलं दगडी चर्च, मोठं सोनेरी घड्याळ, पुलाखालून जाणाऱ्या बोटी. मी लाखेनं गडूचं तोंड बंद केलं आन् घरी येईस्तोवर जिवापाड जपला.

माय खाटल्यावर होती. गडू बघून उठून बसली.

"तू सोता भरलं न्हवं?"

तिचं मन कसं मोडू? म्हणलं, "व्हय माय. गुडघाभर पाण्यात उभं राहून."

"थंड होतं का रे?"

"लई थंड."

मग जोडीदाराचं सगळं शहर मी माझं म्हणून तिला दाखवलं. महिन्याभरात ती गेली. जाताना तेच पाणी तोंडात घातलं, तर गिळून हासली. मला वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

चारेक वर्षांनी नारायणगडाच्या जत्रंत जोडीदार झाडाखाली पाच-सहा जणांत फुशारक्या मारत बसलेला. मी मागं आलोय हे त्याला ठाऊक न्हाई.

"शहरात कोण गेलतं बे! दोन दिस खानावळीत पत्ते कुटले. भिंतीवर त्या शहराचं चित्र होतं, तेच त्याला ऐकवलं."

"आन् पाणी?" मी इचारलं.

तो दचकला. मग कसनुसा हासला. "पाणी म्हंजे पाणी, गड्या. खेचरांच्या हौदातलं."

तो हौद रोज मीच भरायचो. तळपायाची आग मस्तकात गेली. गचांडी धरली त्याची. "हरामखोरा, तिला माय म्हणलतास ना रं तू!" लोकांनी सोडवलं. तर वर म्हणतो कसा, "एवढं काय त्यात? म्हातारी सुखानं गेली की."

तवापासून त्याच्या दारावरनंबी जात न्हाई. केसानं गळा कापला त्यानं, मेल्यावरबी विसरणार न्हाई. पण 'तू सोता भरलं न्हवं?' हे मायनं त्याला इचारलं न्हवतं. मला इचारलं होतं.