हशाची जागा

आमच्या साडूंइतक्या गंभीरपणे विनोद करणारा माणूस नागपुरात दुसरा नाही, आणि शहराच्या प्रकृतीला तेच मानवते. वाडीच्या गोदामातील नोकरी संपल्यावर माणसे देवाधर्माकडे वळतात. हे एका बोलपटाकडे वळले. चित्रे नुकतीच बोलू लागली होती त्या काळातला, इंग्रजी. नाटकघरांतून लोकांना हसवून नाव कमावलेली एक जोडी, एक उंच आणि एक बुटका, चुकीच्या घराला रंग द्यायला जाते, एवढेच कथानक. साडूंना इंग्रजी येत नाही. ही अडचण त्यांनी आवाज बंद करून सोडवली. जरीपटक्यातील त्यांच्या घरी चहाला गेलेल्या प्रत्येकाला भिंतीवरच्या चादरीसमोर बसावे लागते, आणि दोघांचेही संवाद साडू स्वतः वऱ्हाडीत म्हणतात. उंचाला सगळी अक्कल; बुटक्याला एकच शब्द, ‘काहून?’

त्यांचा सिद्धांत असा, की ही जोडी रंगमंचावर वाढलेली, म्हणून पडद्यावरही प्रत्येक विनोदानंतर हशा ओसरेपर्यंत थांबते. इतरांना ते वैगुण्य वाटते, साडूंना सौजन्य. “ते आपल्यासाठी थांबून राहिले जी. हसा न,” असे ते पाहुण्यांना दरडावतात. हीच रीत त्यांनी संसारात आणली. भाजीत मीठ कमी आहे एवढे सांगूनही ते थांबतात, माझी मेव्हणी पोळी लाटता लाटता म्हणते, “हसली मी. बोला पुढं.” वॉर्डातील एका उमेदवारालाही त्यांनी भाषणात थांबायला शिकवले. तो पहिल्याच वाक्यानंतर थांबला. भाषण संपले असे समजून सभा जेवणाकडे धावली. उमेदवार निवडून आला. साडू त्याचे श्रेय अजून घेतात.

यंदा त्यांच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज परत येईलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याच संध्याकाळी साडू माझ्याकडे आले.

“साडभाऊ, बुटका तुम्ही घ्या.”

“मला विनोद कळत नाही.”

“त्याले तरी कुठं कळते? असं तोंड घेऊन बसणारा माणूस मले दुसरा कुठं भेटन?”

मी ‘का?’ म्हणून दाखवले. त्यांनी मान हलवली.

“‘का’ नाही जी. ‘काहून’. ‘का’ तर लगेच संपते. लोकं हसतीन कव्हा?”

शुद्ध मराठीचा आग्रह धरण्यात माझी सारी शिक्षकी गेली. आता रोज संध्याकाळी मी ‘काहून’ घोटू लागलो. उंचाची वाक्ये ते म्हणत.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी मौन सांगितले. गेल्या रविवारी मेव्हणीने शेजाऱ्यांना बोलावले, खिडक्या झाकल्या, चादर लावली. गळ्याला पट्टी बांधलेले साडू माझ्या शेजारी बसले. उंचाच्या मुक्या बोलण्यावर मी ‘काहून?’ विचारत गेलो. सुरुवातीला लोक हसले. मग कोणी हसेना.

“उंचाचंही तुम्हीच म्हणा न, भाऊजी,” मेव्हणी हळूच म्हणाली. “तुम्हाले तर पाठ झालं असन.”

“पाठ आहे,” मी म्हणालो, आणि उंचाची जागा तशीच मोकळी ठेवली. ती वाक्ये मी एकदा म्हटली असती, तर साडूंनी ती परत मागितली नसती.

पडद्यावर उंच बोलत होता. मी बाजूला पाहिले. साडूंचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आवाजाशिवाय, एकही शब्द मागे न पडता.