मोरचुदाला लागेल इतका चुना

लग्नानंतरची बरीच वर्षं मी आणि माझे सासरे एकमेकांशी कामापुरतंच बोलायचो. मी मूळची अकोल्याची, अमरावतीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्यांचा वरूडजवळ संत्र्याचा बगीचा. सुट्टीत आम्ही गेलो की ते विचारत, "कवा आली?" मी म्हणे, "आत्ताच, मामाजी." आणि बोलणं तिथंच संपे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत झाडांना बोर्डो मलम लावायचं होतं. पावसाळ्याच्या ओलीनं बुंध्याला डिंक्या लागतो, सालीतून डिंक गळायला लागतो. म्हणून मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून खोडाला कमरेपर्यंत फासतात. मोरचुदाचे चार किलो निळे खडे रात्रीच भिजवून ठेवले होते. सकाळी कामाच्या बाया आल्या आणि मामाजींनी चुन्याचं पोतं उघडलं, तर ते पावसात ओलं झालेलं. वरचा सगळा चुना भुसभुशीत पीठ झालेला. मधले कडक खडे वेचून तोलले, ते जेमतेम दोन किलो भरले.

"बरोबरीनं लागते चुना," ते म्हणाले. "आन् आज भाऊबीज. वरूडात दुकान कोन उघडून राहिलं? बायायले वापस धाडा लागते."

मी चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले होते. मनातल्या मनात हिशेब झालाच, सवयच ती. अडीचशे ग्रॅम मोरचुदाला छप्पन्न ग्रॅम कळीचा चुना. चार किलोला किलोभराच्याही आत.

"मामाजी, पुरेल हा चुना," मी म्हटलं. "अडीचशे ग्रॅम मोरचुदाला छप्पन्नच ग्रॅम लागतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग सारे लोक बरोबरीनं काहून टाकतात?"

"बाजारातला चुना कसा निघेल सांगता येत नाही. कमी पडला तर मोरचूद शिल्लक राहतं आणि साल जळते. जास्तीच्या चुन्यानं काही बिघडत नाही, म्हणून सढळ हातानं टाकतात. हे खडे चांगले आहेत."

"तुयं पुस्तक चुकलं तं झाडं माये जातीन."

"आधी विळा बुडवून पाहू. शिल्लक मोरचुदाचं तांबं चढून तांबडा झाला तर लावायचंच नाही."

ते खडे घमेल्यात ओतून पाणी शिंपडू लागले. चुना रटरटला, फुटला. निवल्यावर आम्ही दोघांनी दोन बाजूंनी, एका रिकाम्या ड्रममध्ये निळं आणि पांढरं एकदमच ओतलं. एक बाई लाकडी दांड्यानं ढवळत होती. घट्ट, आभाळी रंगाचं मलम झालं. मामाजींनी घासून लख्ख केलेला विळा त्यात धरला. वर्गात हे गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवते, पण तिथं चुकलं तर फक्त खोडून टाकायचं असतं.

विळा बाहेर आला. त्यांनी तो पाण्यात धुतला, उन्हात धरून उलटसुलट पाहिला. पातं पांढरंच होतं.

"लावा वो बायायहो," ते म्हणाले.

दुपारी बांधावर जेवताना त्यांनी आपणहून विचारलं, "ते अडीचशे कसं काढलं तू?"

मी सांगितलं: तांबं इतकं, गंधक इतकं, प्राणवायू इतका, आणि मोरचुदाच्या खड्यात मुरलेलं पाणी.

"पानी? कोरड्या खड्यात?"

"हो. चार किलोत जवळजवळ दीड किलो पाणीच असतं."

त्यांचा घास हातातच राहिला. मग ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "म्हंजे वरूडातून मी गाडीवर पानी आनून राहिलो, आन् घरी ईर भरली हाय!" संध्याकाळी भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं, आणि दर वेळी माझ्याकडे बोट करून, "इले इचारा."

झाडं चांगली राहिली. आता मलम करायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो. मी आकडा सांगते, ते "बरोबर हाय" म्हणतात. आणि चुना मात्र मोरचुदाच्या बरोबरीनंच टाकतात. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "हिशेब तुया पटते मले. पन बाई, हात आखडत नाई."

मीही मग आग्रह केला नाही. जास्तीच्या चुन्यानं काही बिघडत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं.