बॅक दाबू नये

प्रत्येक धंद्यात गिऱ्हाइकांचे किस्से जमत जातात. चहा आला की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो. हिंगोलीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघंच. गजानन सर म्हणजे मालक, संजीवनीताई गिऱ्हाइकांचे फोन घेतात, आणि मी प्रोग्राम लिहितो. तीन-चार वर्षं आम्हीही असेच किस्से सांगून हसलो. मग एक दिवस ताईच म्हणाल्या, "नितीन, तुझ्या एक लक्षात आलं का? प्रत्येक किश्शात येडं कोण ठरून राहिलं ते?"

मी मोजून बघितलं. गिऱ्हाईक एकदाही नव्हतं!

थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची सगळी ॲप एका पानाची असतात. बटण दाबलं की नवं पान उघडलं असं वाटतं, पण पान तेच राहतं, फक्त आतला मजकूर बदलतो. कुठल्या पत्त्यावर काय दाखवायचं, मागं गेलं की कुठं न्यायचं, ह्याला राउटिंग म्हणतात. आणि आमच्याकडं राउटिंग माझ्याकडं असतं.

*

साखरा गावच्या सुनंदाबाई बचत गटाच्या सचिव. गटाची माहिती भरायचा फॉर्म आम्ही केला होता, सात टप्प्यांचा. बाईंनी सहा टप्पे भरले, सातव्यात आठवलं की एका बाईचं नाव चुकलंय. म्हणून त्यांनी मोबाईलचं बॅक दाबलं.

ॲपच बंद झालं. सहाही टप्पे गेले. कारण माझ्या लेखी ते टप्पे वेगळे नव्हतेच, सगळं एकाच पत्त्यावर कोंबलेलं होतं. मागं जायला जागाच नव्हती.

बाईंनी पुन्हा भरला. पुन्हा सवयीनं बॅक. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा नेमका मी उचलला. "सर, माझंच काहीतरी चुकून राहिलं. शिकलेली कमी हाय ना मी."

आणि मी काय म्हणालो? "ताई, बॅक दाबू नका ना!" वर फॉर्मच्या डोक्यावर लाल अक्षरांत एक ओळ टाकली : बॅक दाबू नये. दुरुस्ती झाली!

महिन्याभरानं बाई बाजाराला हिंगोलीत आल्या, तेव्हा मुद्दाम ऑफिसात आल्या. फॉर्म भरून झाला हे सांगायला. फोन टेबलावर ठेवला. स्क्रीनवर खाली, बरोबर बॅकच्या खुणेवर, एक लाल टिकली चिकटवलेली.

"आता बोट तिकडं जातच न्हाई बघा," म्हणाल्या. केवढ्या आनंदात होत्या!

संजीवनीताईंनी माझ्याकडं बघितलं. मी पाणी प्यायला उठलो.

*

एका खाजगी कॉलेजच्या वेबसाईटचं उद्घाटन होतं. हॉल भरलेला, पडद्यावर साईट. प्राचार्यांनी स्वतः माउस धरला. मुखपृष्ठ झालं, 'आमचे प्राध्यापक' झालं, टाळ्या झाल्या. मग प्राचार्यांना वाटलं, फोटो नीट दिसत नाही. त्यांनी रिफ्रेश दाबलं.

पांढरा पडदा. वर इंग्रजीत : असं पान सापडत नाही.

गोष्ट एवढीच होती की आतल्या पत्त्यावर कुणी रिफ्रेश केलं तर काय द्यायचं, हे मी सर्व्हरला सांगितलंच नव्हतं. एका ओळीचं काम.

पहिल्या रांगेतले एक पाहुणे मोठ्यांदा म्हणाले, "सापडत न्हाई म्हंजे? आत्ता तर होतं की!"

मी मागून ओरडलो, "नेट स्लो आहे सर, नेट!"

हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं खोटं. पण त्या दिवशी कॉलेजच्या शिपाईमामांनी ते खरं मानलं. त्यांनी कोपऱ्यातला वायफायचा राऊटर उचलला, खिडकीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहिले. मी साईट पहिल्यापासून उघडली, ती अर्थात चालली. मामा मात्र कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत. भाषणं पाच झाली.

शेवटी माझ्याजवळ आले, खांदे चोळत. "सर, रेंज बराबर आली होती ना?"

मी म्हणालो, "हो मामा, तुमच्यामुळं आली."

*

वधू-वर सूचक मंडळाची साईट ही तर माझी शान होती. एकदम वेगवान! फक्त आत कुठंही गेलं तरी वरचा पत्ता बदलत नव्हता. मला ते लक्षात आलं होतं. मी म्हटलं, पत्ता कोण बघतो?

कळमनुरीच्या एका गृहस्थांनी मुलीसाठी एक स्थळ निवडलं आणि लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. लिंक कुणीही उघडली की मुखपृष्ठ उघडायचं. मुखपृष्ठावर मोठा फोटो मंडळाच्या अध्यक्षांचा. वय सत्तरीच्या घरात.

मुलीच्या मामांचा त्यांना फोन आला, "दाजी, घर चांगलं असंल, जमीन असंल, पण पोरीचा तरी विचार करा!"

आत्यानं फोनच घेणं बंद केलं. हे सगळं आम्हाला कळलं ते अध्यक्षांमुळं. त्यांनी ताईंना विचारलं, "मॅडम, माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. आता दोन ठिकाणाहून माझी चौकशी काहून येऊन राहिली?"

त्यावर आम्ही खूप हसलो. मग संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुलीनं तो फोटो बघितला होता. वडिलांवर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी ठरवलं असंल तर ठीक हाय."

ते गृहस्थ फोनवर रडत होते. त्यानंतर हा किस्सा मी अध्यक्षांपर्यंतच सांगायचो.

*

एका गायन स्पर्धेची नोंदणी आमच्या ॲपवर होती. एक गुरुजी, दृष्टी नाही, मोबाईल जे बोलेल ते ऐकून सगळं वापरतात. त्यांनी नाव भरलं, 'नोंदवा' दाबलं. पडद्यावर हिरव्या रंगात 'धन्यवाद' आलं. पण मोबाईल काहीच बोलला नाही. पान खरोखर बदललेलंच नसतं ना, मग मोबाईलला बोलायला सांगावं लागतं. मी सांगितलं नव्हतं.

गुरुजींनी वाट बघितली आणि परत नाव भरलं. परत शांतता. असं पाच वेळा.

स्पर्धेत पहिलं नाव गुरुजींचं पुकारलं. गायले, छान गायले. तीन नावांनंतर पुन्हा त्यांचंच नाव. लोक हसले. पाचव्या वेळी तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजींना कळेना, हसून का राहिले.

मी माफी मागायला गेलो, तर त्यांनीच मला समजावलं. "अरे, मी पाचदा दार वाजवलं. आतून कुणी 'आलो' एवढंही म्हणलं न्हाई. माणसानं काय समजावं?"

*

आता शेवटचा. हा आम्ही चहाला काढत नाही.

एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडं होतं. तिथल्या माणसाला एक रिपोर्ट छापून झाला की यादीत परत यावं लागायचं. तकलीफ होते म्हणाला. मी लगेच 'पुढचा पेशंट' असं बटण करून दिलं. तपासलं नाही. बटण दाबलं की वरचं नाव बदलायचं, पण खालचे आकडे एक पाऊल मागं राहायचे, आधीच्या पेशंटचे.

बटण त्या दिवशी दोनदाच दाबलं गेलं. म्हणजे दोन रिपोर्ट चुकले. लॅबवाल्याच्या ध्यानात आलं तिसऱ्या दिवशी. दोघंही पेशंट डोंगरकडा गावचे. एकाचा फोन बंद, दुसरीचा लागेना. लॅबवाला म्हणाला, "तुमची चूक आहे, तुम्ही जा."

मी आधी दत्तरावांकडं गेलो, कारण त्यांचा मामला नाजूक होता. त्यांची साखर भलतीच वाढलेली होती, आणि त्यांच्या हातात रिपोर्ट पडला होता एकदम नॉर्मल.

लॅबकडून आलो म्हटल्यावर मोठ्या मायेनं बसवलं. "लई चांगली तुमची लॅब! पाच वर्षांत पयल्यांदा साखर नॉर्मल!" काकूंनी आतून पेढ्यांचा डबा आणला. गल्लीभर वाटून उरलेले होते. दत्तराव म्हणाले, "तीन दिवस झाले, मी पण खाऊन राहिलो. घ्या."

मी घेतला. खाल्लासुद्धा. तोंड उघडायची हिंमत त्याच्यानंतर झाली.

सगळं सांगितलं. बटण, नाव, आकडे. खरा कागद पुढं ठेवला. आज दवाखान्यात जावं लागेल हेही सांगितलं. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. दत्तरावांनी कागद लांब धरून वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

ते म्हणाले, "मंग हा रिपोर्ट त्या दिवशी कोणाला देला?"

"तुमच्या मागं एक ताई होत्या, त्यांना..."

"अंगणवाडीवाली मीना? आमी एकाच ऑटोत गेलो होतो. तिला सांगितलं?"

"नाही. तिला तसं काही नाही, तिचं सगळं चांगलं आहे. म्हणून म्हटलं आधी तुमच्याकडं..."

"तिला माहीत हाय का, तिचं चांगलं हाय म्हणून?"



दत्तराव उठले. खुंटीवरचा शर्ट घातला, चप्पल पायात सरकवली. "मंग हितं काहून बसला? दोन लहान लेकरं हैत तिला. चल, गाडी काढ."

काकू म्हणाल्या, "अहो, आधी दवाखाना..."

"जाऊ. तिच्या घरावरूनच रस्ता हाय." मग मागं वळले, डब्याचं झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"हे घे संगं. हे पेढे तिचे व्हते."